वायपरचं दुखणं

गाडीच्या पुढच्या काचेला मी खोबरेल तेल लावलं. चांगलं सढळ हातानं, फडक्यानं, कोपऱ्याकोपऱ्यातून. ही बातमी आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी दिली जाते, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. पण का लावलं हे कुणी विचारत नाही. ते सांगायचं तर माझ्या बायकोच्या मामांपासून सुरुवात करावी लागेल, कारण डहाणूपासून अच्छाडच्या नाक्यापर्यंत आवाजाचा इतका कट्टर वैरी दुसरा झाला नाही.

मामांची घोलवडला चिकूची वाडी. माणूस धिप्पाड, पांढऱ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात पेनाऐवजी छोटी पक्कड, आणि खांद्याला एक पिशवी, तिच्यात पाने, ग्रीसची डबी, तेलाची बुधली आणि चिकूच्या करंड्या बांधायची सुतळी. कुणाच्याही घरी गेले की मामा उंबऱ्यात थबकत. यजमान 'या, या' म्हणत आणि मामा एक बोट वर करून डोळे मिटत. घरात काय काय वाजतंय याची नोंद झाली की मगच चप्पल काढत. त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं: "वस्तू उगाच ओरडत नाही, जावईबापू. तिचं काहीतरी दुखत असतं." आणि ज्याचं दुखतंय त्याला तसंच सोडून चहा प्यायला मामांचं मन धजत नसे. आमच्या ओटीवरचा झोपाळा कुरकुरायचा. मामांनी त्याच्या कड्यांना इतकं ग्रीस चोपडलं, की झोपाळा मुका झाला आणि पुढचा अख्खा उन्हाळा दुपारच्या वेळी ते ग्रीस वितळून माझ्या टकलावर ठिबकत राहिलं. अच्छाडच्या एका ढाब्यावर जेवायला बसलो असताना डोक्यावरचा पंखा कटकट करायला लागला. डाळ येईपर्यंत मामा टेबलावर उभे होते. डाळ आली तेव्हा पंखा अगदी शांत होता, कारण त्याची दोन पाती मामांच्या हातात होती. काम संपलं की ते गुजरातीत "पत्युं!" म्हणत, म्हणजे झालं एकदाचं, आणि आमचा अनुभव असा, की खरं काम त्यानंतरच सुरू होई. गंमत म्हणजे हा आवाजाचा वैरी स्वतः सकाळी तोंड धुतल्यापासून जे बोलायला लागे, ते रात्री घोरायला लागेपर्यंत. आणि घोरणं असं, की शेजारच्या वाडीतल्या माणसाला आपला पंप चालू राहिला असं वाटून तो बॅटरी घेऊन बघायला जाई.

अशा माणसाच्या भाचीशी लग्न करून मी एक जुनी गाडी घेतली. सुट्टीत ती मामांच्या वाडीत चिकूच्या झाडाखाली उभी राही. वरून काय काय ठिबकत असे कोण जाणे, पण काचेवर चिकट थर बसला आणि पावसाळ्यात वायपर वाजायला लागला. जाताना गुपचूप जायचा आणि येताना खर्र-टकटक-खर्र करत, ठेचकाळत यायचा. मामांनी फोनवरच तो आवाज ऐकला आणि निदान केलं. "त्याचं रबर कुशीवर झोपतं. जाताना या कुशीवर, येताना त्या कुशीवर. तुमचं रबर कूस बदलायचं विसरलंय. मी बघतो. तोवर हात लावू नका."

इथे माझ्यातला पुरुष जागा झाला. कारण दोन दिवसांनी मामा आमच्या गाडीत बसणार होते. रेखाची, म्हणजे माझ्या बायकोची, तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. कायमची जागा. कितीतरी वर्षं ती हंगामी म्हणून कधी या शाळेत, कधी त्या शाळेत शिकवत होती. दर जूनमध्ये आपल्याला बोलावणं येतंय का याची वाट बघायची आणि आलं नाही की आठवडाभर भांडी जोरात घासायची. वयाची अट बघता ही शेवटचीच संधी. तिचे मामा सोबत येणारच होते, कारण भाचीच्या कुठल्याच परीक्षेला ते आजवर चुकले नव्हते. मी ठरवलं, की मामा गाडीत बसतील, बोट वर करतील, डोळे मिटतील आणि त्यांना काहीही ऐकू येणार नाही. झोपाळ्याला तेल, बिजागरीला तेल, मग वायपरला का नको? रबराला लावलं, आणि उरलं ते काचेला.

सकाळी पाऊस थांबला होता. घोलवडला मामा पुढच्या सीटवर बसले आणि नाक वर करून म्हणाले, "चंपीचा वास येतोय." मी आरशात भांग बघितल्यासारखं केलं, भांग नव्हताच. बोर्डी मागे पडली आणि सर आली. मी ऐटीत वायपर सुरू केला. आवाज खरंच आला नाही. पण समोरचा रस्ता, झाडं, एक बैलगाडी आणि तिच्या मागचा ट्रक, सगळं जग ताकात बुडालं. मी वायपर जोरात केला, तसं ताकाचं लोणी झालं.

"थांबव गाडी!" रेखा मागून ओरडली.

एका चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली गाडी घुसवली. मामांनी खाली उतरून काचेवर बोट फिरवलं, हुंगलं आणि माझ्याकडे अतिशय सहानुभूतीनं बघितलं. "काय जावईबापू, काचेचे केस गळत होते काय?"

टपरीवाल्या मावशी चहा गाळता गाळता थांबल्या. "तेल लावला? काचंला?" त्यांनी आत कुणालातरी हाक मारली, "अगो, बाहेर ये, बघ!" मग हसून झाल्यावर चुलीतली राख दिली. लहानपणी कंदिलाच्या काचा घासलेला मामांचा हात. ओल्या राखेनं त्यांनी माझं तेल आणि चिकूच्या झाडाचा चिकटा असा दोन्हींचा फडशा पाडला. काच लखलखली. तिथेच थांबलो असतो तर ही गोष्ट मी कधीच सांगितली नसती. पण मामांना त्या रबराची कूस आठवली.

"मामा, राहू द्या," रेखा म्हणाली. "वाजू दे. वेळ होतोय."

"अगं, एका मिनिटाचं काम. मुलाखतीला जाताना कानाशी कटकट नको." त्यांनी पक्कड काढली, वायपरचा दांडा धरला आणि किंचित पिळला. मग आणखी किंचित. मला चालू करायला सांगितलं. एक फेरी, दुसरी फेरी, अगदी लोण्यासारखी. "पत्युं!" मामा म्हणाले. तिसऱ्या फेरीला बॉनेटच्या आत कट्‌ झालं, आणि दोन्ही वायपर हातपाय गाळून लोळायला लागले. आतली दांडीच निखळली होती.

मामांना गप्प झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ताडपत्रीवर पाऊस धो धो वाजत होता आणि त्याबद्दल ते काहीही बोलले नाहीत. हातातली पक्कड तशीच. "पोरी," एवढंच म्हणाले, "मी हात लावायला नको होता गं."

रेखानं घड्याळ बघितलं. मग मामांच्या पिशवीत हात घातला आणि सुतळीचा गुंडा बाहेर काढला. "मामा, तुम्ही डाव्या खिडकीतून ओढा, मी उजव्या. आणि हे," माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "हे फक्त गाडी चालवतील. दुसरं काही करणार नाहीत."

तर अशी आमची वरात निघाली. वायपरला बांधलेल्या सुतळीचं एक टोक मामांच्या हातात, दुसरं माझ्या मागे बसलेल्या रेखाच्या. मामा ओढत, वायपर डावीकडे. रेखा ओढे, वायपर उजवीकडे. आणि त्या ठेक्यावर तिची उजळणी. "घर्षण म्हणजे... ओढा मामा... दोन पृष्ठभागांमधला... सोडा... गतीला होणारा विरोध... ओढा!" मामाही तिच्याबरोबर म्हणायला लागले. रस्त्यानं डोक्यावर प्लास्टिक घेऊन जाणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा घर्षणाची व्याख्या मलाही पाठ झाली होती. रेखाची उजवी बाही खांद्यापर्यंत भिजली होती आणि बोटावर सुतळीचा लाल वळ उठला होता.

ती आत होती तोवर मामा व्हरांड्यात बसून होते. समोर नळ टपटपत होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "तुमच्याकडे असू द्या."

आतून हसण्याचा मोठा लोट आला. मामा दचकून उभे राहिले. नंतर कळलं, तिला घर्षणावरच दोन मिनिटं शिकवून दाखवायला सांगितलं होतं, आणि तिनं उदाहरण म्हणून मला वापरलं. जागा तिला मिळाली. तेव्हापासून तलासरीत दरवर्षी एक नवा वर्ग घर्षण शिकतो आणि मला न बघता ओळखतो. नेमणुकीचा पेढा घेऊन आम्ही घोलवडला गेलो, तेव्हा मामांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "वायपरनं मुद्दाम केलं. त्याला माहीत होतं." आणि पिशवी परत मागून घेतली.

आता मामांना ऐकू येत नाही. त्यांच्या मुलीनं कानाचं यंत्र आणून दिलं. पण ते मधूनच शिट्टी मारतं, म्हणून मामांनी ते दुरुस्तीसाठी उघडलं, आणि तेव्हापासून ते पक्कडीशेजारी खिशात असतं. उंबऱ्यात अजूनही थबकतात, बोट वर करतात, डोळे मिटतात. मग तसेच आत येतात. झोपाळा पुन्हा कुरकुरायला लागलाय. मी तेल घालत नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांना गाडीत घेऊन निघालो होतो. वायपर खर्र-टकटक करत होता. मामांनी माझ्याकडे वळून विचारलं, "वाजतो काय हो?"

"नाही मामा!" मी ओरडून सांगितलं. "एकदम गप्प!"

त्यांनी मान हलवली. मग हात पुढे केला, तळवा काचेवर आतून सपाट टेकवला आणि डोळे मिटले. दोन-तीन फेऱ्या तसाच ठेवला. ओठांवर हळूहळू हसू आलं, जुनं माणूस भेटल्यासारखं.

"बहिरा झालोय, जावईबापू," ते म्हणाले, "मूर्ख नाही. ती जागा तुमची, आणि कायमची."