हरणाऱ्या टीमचे अप्पा

"मी आता बगत न्हाई, सर. तुमीच बगा आन मला सांगा."

असं म्हणून अप्पा प्लॅस्टिकची खुर्ची उचलत, उलटी फिरवत आणि मैदानाकडे पाठ करून बसत. समोर कंपाउंडची भिंत आणि तिच्यावर वाळत घातलेले हॉस्टेलच्या पोरांचे टॉवेल. आमच्या टीमवर पहिला गोल झाला की हे ठरलेलंच. थोडा वेळ अप्पा त्या टॉवेलांकडे रागानं बघत आणि मग मान न वळवता विचारत, "बॉल कुटं हाय?"

"आपल्याच गोलजवळ."

"आजून?" आणि खुर्ची पुन्हा सरळ होई.

असा एखादा माणूस तुमच्याही गावच्या मैदानावर असेल. त्याला कुणी बोलावलेलं नसतं, त्याच्या घरातलं कुणी खेळत नसतं, पण हरल्यावर सगळ्यांत जास्त त्रास त्यालाच होतो. अप्पांचं बी-बियाण्यांचं दुकान कॉलेजच्या गेटसमोर होतं. मॅच असली की ते शटर अर्धं ओढत आणि आलेल्या गिऱ्हाइकाला सांगत, "दुपारून या. तूर काय आजच पेरायलाव व्हय?"

मी शिकवतो इतिहास. कॉलेजात खेळांचा शिक्षक नव्हता, आणि नाही म्हणायला मला जमत नाही, म्हणून हॉकी माझ्या गळ्यात पडली. बीदर जिल्ह्यातलं आमचं लहानसं कॉलेज, लाल मुरमाचं मैदान. त्या मुरमावर चेंडू कुठून कुठं उडेल याचा नेम नसे. पण पाहुण्या टीमसाठीही मैदान तेच असे आणि त्यांचा चेंडू नीट जाई. त्यामुळे मैदानाला दोष देण्याची सोय राहिली नव्हती. मी या टीमचा कारभार घेतल्यापासून आम्ही एकही मॅच जिंकली नव्हती.

अप्पा तीन भाषांत चिडत. गोलकीपर आळंदकडचा, त्याला कन्नडमधून. पुढच्या फळीतल्या पोरांना दखनीतून, "क्या मियाँ, सोरें क्या?" आणि मराठी राखून ठेवलेली माझ्यासाठी. "सर, ही पोरं पळायलीत का वरातीत चाललीत?" मॅच संपली की मात्र हेच अप्पा कुणाच्या गुडघ्याला खरचटलंय ते बघत फिरत आणि सगळ्यांना चहा पाजत. चहा पाजतानाही बोलणं चालूच.

एकदा मी विचारलं, "अप्पा, एवढा त्रास होतो तर येता कशाला? क्रिकेटची टीम बरी खेळते आपली."

"क्रिकेटला समदं गाव हाय, सर. ह्यांला कोन हाय?" आणि पुढे म्हणाले, "एकदा जिंकल्यालं बगायचंय. एकदाच. मंग मी दुकानातून उठनार न्हाई."

त्या वर्षी प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, की या मोसमात एक तरी मॅच न हरता दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षीपासून हॉकी बंद आणि मैदानावर गाड्यांचं पार्किंग. मी हे अप्पांना सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. मला त्यांची काळजी वाटली.

हरत हरत शेवटची मॅच उरली. समोर कलबुर्गीकडची तगडी टीम, आणि दिवस नेमका येळवशीचा. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळा अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं. डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडकंभर ताकातली आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवायचं, आणि बसलेल्यानं ताटात काही टाकायचं नाही. जेवल्यावर कडब्याच्या सावलीत जो तो आडवा होतो.

आदल्या दिवशी अप्पा माझ्या कानाशी आले. "सर, पाहुन्यांच्या टीमला सकाळी माझ्या शेताकडं आनतो. पाहुनचार. आपल्या पोरांला केळं द्या नुसतं. समजलं का?"

मला समजलं. मी इतिहास शिकवतो. मेजवानी देऊन शत्रू गारद करायची युक्ती मला नवी नव्हती.

निर्णा गावाच्या रस्त्याला त्यांचं शेत. पाहुणी पोरं पंगतीत बसली, अप्पा आग्रह करकरून आंबील ओतायला लागले, आणि बांधावरून आमची अख्खी टीम येताना दिसली. सणामुळे हॉस्टेलची मेस बंद होती. केळी त्यांनी न्याहारीलाच संपवली होती.

अप्पांचा चेहरा पडला. "ही कामून आली?" त्यांनी मला हळूच विचारलं.

तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, म्हणजे सगळ्यांच्या अक्कानं, सतरंजी अंथरलीसुद्धा. अप्पा तिला बाजूला घेऊन काहीतरी पुटपुटले. तिचं उत्तर सगळ्या पंगतीला ऐकू गेलं. "येळवशीला शेतात आलेल्या लेकराला उपाशी लावून द्यायचं व्हय? मॅच गेली खड्ड्यात."

अप्पांनी मग पोरांना खुणेनं 'थोडं खा' असं सांगायला सुरुवात केली. पण गोलकीपर खरोखरच थोडं खायला लागला तेव्हा त्यांना ते बघवेना. "आरं, आजारी हायस का?" म्हणत त्यांनी स्वतःच त्याच्या ताटात भज्जी वाढली, आणि ती संपल्यावर पुन्हा वाढली. खाणारं पोर समोर असताना अप्पांच्या हातातला डाव थांबणं शक्यच नव्हतं.

दुपारची मॅच मी आयुष्यात विसरणार नाही. बावीस पोरं मैदानावर अशी वावरत होती, की पंचालाही शिट्टी मारायला संकोच वाटावा. त्यांचा एक गडी चेंडू घेऊन एकटाच आमच्या गोलसमोर आला, कमरेवर हात ठेवून थांबला आणि मोठा ढेकर दिला. तोवर आमचा बचावपटू चालत चालत आला आणि चेंडू घेऊन गेला. कुणीच कुणावर गोल केला नाही. शेवटची शिट्टी झाली आणि अप्पा माझा हात धरून म्हणत राहिले, "हरलो न्हाई, सर. हरलो न्हाई बगा." प्राचार्यही स्वतःच्या शेतातून जेवून आले होते. निकाल सांगायला त्यांना खुर्चीतून जागं करावं लागलं. त्यांनी शब्द पाळला आणि हॉकी राहिली.

पुढच्या वर्षी अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. लेक हैदराबादला असते, ती दोघांना घेऊन गेली. आणि त्याच मोसमात, पहिल्याच मॅचला, आमची पोरं जिंकली. चांगली खेळून जिंकली. मी तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पोरं भोवती गोळा झाली.

"अप्पा, जिंकलो."

"कोन जिंकलं?"

"आपण."

"आपन मंजे?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मी न्हवतो म्हनून जिंकलाव. इतकी वर्सं माजीच नजर लागायली व्हती."

पोरांनी गलका केला, "न्हाई अप्पा, तसं न्हाई." पण त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. "आता मी तिकडं येत न्हाई. तुमी खेळा."

गुडघा बरा झाला तरी ते आले नाहीत. दुकानाची व्यवस्था पुतण्यानं बघितली. दर मॅचनंतर माझा फोन जाई. हरलो की ते तीनही भाषांत बोलत आणि जिंकलो की म्हणत, "बगा, म्हनलं न्हवतं?" मी कितीदा या म्हटलं. ते विषय बदलत.

गेल्या हिवाळ्यात अप्पा हैदराबादलाच वारले. पुतण्यानं सकाळी सांगितलं, आणि दुपारी मॅच होती. मी पोरांना एकत्र करून बातमी दिली. कर्णधार खाली बघत स्टिकनं मुरूम उकरत राहिला.

"सर," तो म्हणाला, "आपन गाडी करून जायला पायजे व्हतं, त्यांला आनायला. हरलो असतो तर हरलो असतो. त्यांच्यासमोर हरलो असतो."

पंचानं शिट्टी दिली आणि पोरं मैदानात गेली.