आप्पा मास्तरांचे सहा नीलमोहर

आप्पा मास्तरांनी जन्मात कुणाला माफ केलं नाही. सुरतजवळ पलसाण्याला आमच्या डाईंग मिलच्या दारात एक चहावाला होता. त्याने एकदा आप्पांना कान तुटलेल्या कपात चहा दिला, तेव्हापासून नऊ वर्षं आप्पा हायवे ओलांडून पलीकडच्या टपरीवर जात. त्या बिचाऱ्याच्या लक्षात तरी असेल का, असं मी एकदा विचारलं. आप्पा म्हणाले, "त्यानं काम इसरानं, मनं काम ध्यानमा ठेवानं."

खरं तर या ध्यानात ठेवण्यावरच त्यांचं पोट होतं. आप्पा मिलचे रंग मास्तर. गिऱ्हाइकाने आणलेल्या चिंधीचा रंग जसाच्या तसा काढून द्यायचा, हे त्यांचं काम. पारोळ्याकडचा चौथी शिकलेला हा माणूस तीन वर्षांपूर्वीची शेड डोळे मिटून सांगायचा. मी शेजारच्या टेबलावर कात्रीने नमुने कापून शेडकार्डावर चिकटवायची, त्यामुळे आठ वर्षं मला त्यांच्या रागाचा आणि रंगाचा, दोन्हींचा शेजार मिळाला. ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. प्रत्येक नमुना ते दारात नेऊन उन्हात धरायचे आणि मगच मान हलवायचे.

मिलच्या फाटकाशी त्यांनी स्वतः लावलेला एक नीलमोहर होता. उन्हाळ्यात त्याची पानं झडायची आणि सगळं झाड जांभळं होऊन जायचं. आत वाफ, सोड्याचा वास आणि भोंग्याची कटकट. बाहेर आलं की डोक्यावर ते थंडगार जांभळं. जेवणाच्या सुट्टीत आप्पा त्याखाली डबा उघडायचे. भाकरीवर फूल पडलं तर ते उचलून बाजूला ठेवायचे, झटकायचे नाहीत.

परदेशी रंग कंपन्यांची कॅलेंडरं मिलमध्ये यायची. त्यात कुठे नीलमोहर दिसला की आप्पा ते पान कापून टेबलामागच्या भिंतीवर लावायचे. खालचं इंग्रजी मला वाचायला लावायचे. प्रिटोरिया, लिस्बन, मेक्सिको, ब्यूनस आयर्स ही नावं त्यांनी चोपडा, शिरपूर, धरणगाव म्हणावीत तशी पाठ केली होती. कुठे कधी फुलतो तेही त्यांना ठाऊक. ऑक्टोबर लागला की तिथले जांभळे रस्ते डोळ्यांपुढे आणून म्हणायचे, "प्रिटोरियाकडे आते रस्ता जांभया जया व्हतीन." मेक्सिकोत फेब्रुवारी-मार्चमध्ये, मग आपल्याकडे, मग लिस्बनला. वर्षभर जगात कुठे ना कुठे त्यांचं झाड फुललेलं असायचं. फोटोंच्या छपाईवर मात्र ते नाराज होते. "लाल जास्ती पडना," म्हणायचे, आणि त्या छापखान्यावरही त्यांचा राग होताच.

मग आप्पांची आई वारली. दहाव्या-बाराव्याला ते गावी गेले आणि इकडे छोट्या शेठने ते झाड तोडलं. छोटे शेठ म्हणजे मालकाचे जावई. त्यांची नवी पांढरी गाडी फाटकाशी उभी असायची आणि फुलं टपावर पडून चिकटायची, एवढंच कारण. आम्ही सगळे बघत उभे राहिलो. मीही काही बोलले नाही, आणि त्याची लाज मला अजून आहे. आप्पा मुंडण केलेल्या डोक्याने परत आले, बुंध्याजवळ थांबले, आणि तसेच छोट्या शेठच्या केबिनमध्ये गेले. शेठ फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "झाड ज छे ने, काका. बीजुं वावी देजो."

दुसरं लावा. आप्पांनी ते वाक्य नमुन्यासारखं मनात जपून ठेवलं. त्यांच्याकडे जुन्या झाडाच्या चपट्या शेंगा होत्या. नवागामच्या आपल्या खोलीपुढे रंगाच्या रिकाम्या डब्यांत त्यांनी बी टाकलं. दोन वर्षांत सहा रोपं कमरेएवढी झाली. तेवढ्यात छोट्या शेठनी बंगला बांधला. शेठाणींना दारात गुलमोहर हवे होते. आप्पा म्हणाले, "सेठ, रोपा मारी पासे छे." गुलमोहर आणि नीलमोहर, दोघांचीही पानं बारीक, पिसासारखी; ज्याने आयुष्यात झाडाकडे मान वर करून पाहिलं नाही त्याला काय फरक कळणार? बंगल्याच्या फाटकापासून पोर्चपर्यंत आप्पांनी सहाच्या सहा रोपं स्वतः लावून दिली. मला म्हणाले, "तोच बोलना ना, दुसरं लाव म्हनीसन. आते जलमभर फुलं झाडत बसू दे गाडीवरथून." इतकं गोड हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्याच साली प्लेग आला. सुरत रिकामं झालं. आमची अर्धी चाळ खानदेशात पळाली, शेठही सहकुटुंब मुंबईला गेले. पाऊस संपून ऊन तापलं होतं. आप्पा तोंडाला रुमाल बांधून रोज सायकलने त्या बंद बंगल्यावर जायचे आणि रोपांना पाणी घालायचे. जीव प्यारा नाही का, म्हणून मी भांडले. म्हणाले, "माले घाई नही, माय. पन ती मराले नको."

झाडं मेली नाहीत, पुढच्या काही वर्षांत आप्पांचीच फुप्फुसं गेली. मिलची वाफ छातीत भरून ते गावी जाऊन खाटेवर पडले. झाडं पहिल्यांदा फुलली त्या उन्हाळ्यात मी मुद्दाम शेडकार्डं घेऊन बंगल्यावर गेले. सहाही झाडं जांभळी, खाली अंगणभर सडा. गाडीसाठी शेठनी पत्र्याचं छप्पर घातलं होतं. शेठ स्वतः झाडांखाली खुर्ची टाकून बसले होते, पाहुण्यांना सांगत होते, "आखा सुरतमां आवां झाड नथी. में जाते पसंद करेलां." म्हणे स्वतः निवडलेली! माझ्या अंगाची लाही लाही झाली. कार्डं टेबलावर ठेवली आणि निघाले.

पुढच्या रविवारी आप्पांकडे गेले. धाप लागलेली, आवाज बसलेला. मी बसायच्या आत त्यांनी विचारलं, "फुलनात का?"

"फुलनात, आप्पा. सहाबी."

"गाडी कोठे उभी करस तो?"

"झाडखालच."

"मंग काय म्हनस?"

"शिव्या देस. रोज सकाय उठीसन गाडी पुसस आन शिव्या देस."

आप्पांनी डोळे मिटले. म्हणाले, "बरं जयं."

ते पंधरा दिवसांनी गेले. छोट्या शेठना मी आजही माफ केलेलं नाही. आप्पांशी खोटं बोलल्याचं मात्र मला कधीच वाईट वाटलं नाही.