वेदीवरची कारली

आणीबाणी उठली त्या वर्षी नाशिकच्या एका चर्चमधली कोरीव लाकडी वेदी दुरुस्त करायचं काम मला मिळालं. ती विलायतेहून जहाजाने आली, असं कमिटीचे सेक्रेटरी ज्याला त्याला सांगत. मी वरचा जाड ऑइलपेंट खरवडला, तर कोरलेल्या वेलीला द्राक्षांऐवजी चक्क कारली लागलेली दिसली.

"साहेब, हे आपल्याकडच्याच सुताराचं काम आहे," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उतरला. "ती कारली तासून टाका. आणि बाहेर बोलू नका."

"मी तासणार नाही."

त्यांनी दुसरा सुतार आणला आणि माझ्यासमोर एकूण एक कारलं तासून घेतलं. पुढे कित्येक वर्षं ते सेक्रेटरी मला नाशिकच्याच द्वारका चौकात दिसायचे. मी त्यांना कधीच नमस्कार केला नाही.