स्वस्त प्रोसेसरचा पंखा

माझी मुलगी सना गेमिंग पीसीसाठी मोबाईलवर दोन प्रोसेसर ताडून बघत होती. "हा स्वस्त आहे, स्पीडही जवळपास तेवढाच. पण तापतो, पंख्याचा आवाज फार," ती म्हणाली आणि मला कामतघरचं ते कॉम्प्युटरचं दुकान आठवलं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. माझे अब्बा शिफ्ट संपवून लूमवरून, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातून, थेट आलेले, केसांत कापसाची लव, अंगाला तेलाचा वास. दुकानदाराने दोन्ही मशीनवर एकच गेम लावला. महागड्याचा आवाज जेमतेम येत होता. स्वस्तातल्याचा पंखा असा घोंगावला की बाकीची गिऱ्हाइकं वळून बघू लागली. लूमवर ठेवायचे तसा अब्बांनी दोन्ही कॅबिनेटवर तळहात ठेवला. मग स्वस्तातल्याकडे बोट दाखवलं.

"हाच घेऊ. हाही शांत हाय."

"चाचा मजाक करतायत," दुकानदार हसला. मीही हसलो. अब्बांनी खिशातून पैसे काढून मोजायला घेतले.

लूमच्या खडखडाटाची सवय असल्याने लूमवाल्यांच्या घरात सगळे ओरडूनच बोलतात, त्यामुळे अब्बांचे कान गेलेत हे कळायला आम्हाला फार वर्षं लागली. तोवर तो पंखा घोंगावत राहायचा, अब्बा शेजारी गाढ झोपायचे, आणि त्यांच्या त्या झोपेचं आम्हाला कौतुक वाटायचं.