काटेकाकांची हलकी गाडी

उभा जन्म वजनकाट्यावर ट्रक तोलण्यात गेलेल्या काटेकाकांच्या डोक्यात उतारवयात एक खूळ शिरलं. आपल्या जुनाट गाडीची त्यांना शर्यतीची गाडी करायची होती. मोठं इंजिन खिशाला परवडेना, तेव्हा काकांनी धंद्यातली अक्कल वापरली. ताकद वाढवता येत नाही ना, मग वजन घटवू.

आधी मागची सीट गेली, मग दारं, टप, बॉनेट. दर रविवारी काका गाडी काट्यावर चढवायचे आणि आकडा घसरला की स्वारी खुशीत. काकूंच्या बाजूची सीटही त्यांनी उपटली, तेव्हा काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

शेवटी चार चाकं, इंजिन आणि एक खुर्ची एवढंच उरलं. तरी चढावर गाडी धापा टाकायची आणि दूधवाला सायकलवरून आरामात पुढे जायचा.

"आता काढू तरी काय?" काट्यावर गाडीत बसल्या बसल्या काकांनी डोक्याला हात लावला.

"अहो, जरा खाली उतरा बघू," काकू म्हणाल्या.

काका उतरून बाजूला झाले. आकडा एकदम एकशे वीस किलोंनी खाली आला. काका चष्मा पुसून तो पुन्हा वाचतायत, तोवर काकू खुर्चीत बसल्या आणि गाडी चढावरून सुसाट गेली.

"अगं, थांब," म्हणत काका मागे धावले आणि काट्याच्या मधोमध दम लागून थांबले.

काटा इमानदार. त्याने लगेच दाखवलं, एकशे वीस.