टाकीला श्वास लागतो

मुलांनो, आजोबा गेल्याची तार तुमच्या हाती पडली तेव्हा इथलं सगळं आटोपलं होतं. मोहोपाड्याहून खोपोलीच्या दवाखान्यात नेताना वाटेत गाडीतच त्यांचं हृदय थांबलं. त्याला महिना होऊन गेला. भेटायला येणारे त्यांच्या हुशारीबद्दल, शिस्तीबद्दल बोलतात, आणि त्यात काही खोटं नाही. पण तुम्ही पाहिलेत ते सुट्टीतले आजोबा, आंब्याच्या फोडी करून देणारे... त्यांची बायको म्हणून मी पाहिलेला माणूस निराळा होता. तो तुम्हाला ठाऊक असावा म्हणून क्रमाने लिहिते.

कारखान्यात सॉल्व्हंट साठवण्याच्या टाक्या उभारणं हे त्यांचं काम. सॉल्व्हंट म्हणजे पेट्रोलसारखं झटकन उडणारं आणि झटकन पेटणारं द्रव. उन्हाने पत्रा तापला की टाकीत वाफ फुगते, तिला बाहेर पडायला वाट लागते. पंपाने माल उपसला की तेवढी हवा आत यावी लागते. म्हणून टाकीच्या माथ्यावर एक वाकडं नळकांडं असतं. ते बंद झालं तर घराएवढी लोखंडी टाकी रिकाम्या डब्यासारखी चेपते. आणि एकदा तसंच झालं. धर्मा नावाचा कामगार होता, पाताळगंगेच्या काठच्या गावातला, घरची भातशेती करून पाळीला येणारा. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी सगळं झाकून ठेवतात, सरपण, गवत, मिठाचं मडकं. धर्माने त्याच काळजीने नळकांड्याच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि सुतळीने घट्ट बांधली. दुसऱ्या दिवशी पंप सुरू झाला आणि टाकी आत बसली. कोणाला इजा झाली नाही. आजोबांनी सगळ्या पाळीला टाकीसमोर उभं केलं, तीच पिशवी मागवली, धर्माच्या तोंडावर चढवली आणि मानेमागून आवळून धरली. "घे श्वास. घे ना! टाकीलाही श्वास लागतो, कळलं?" प्लॅस्टिक त्याच्या तोंडात ओढलं गेलं, तो गुडघ्यांवर आला, तेव्हा कुठे सोडलं. साहेब हसले म्हणून बाकीचे हसले. धर्माला कामावरून काढलं नाही, याला आजोबा आपला मोठेपणा समजत.

त्या दिवसापासून त्याचं नाव पिशवी पडलं. बाजारात दिसला की कोणीतरी ओरडायचं, "आली रं पिशवी, तोंड झाका!" त्याची बायको हौसा विहिरीवर गेली तर बाया म्हणायच्या, "पिशवीबाय, तुजी घागर बी बांदून आनलीस का गं?" हे सगळं आजोबांच्या कानावर येई. ते जेवताना मला सांगत, रंगवून.

पुढे त्यांनी टाक्यांत नायट्रोजन आणला. उपसलेल्या मालाच्या जागी हवेऐवजी नायट्रोजन भरायचा, म्हणजे ठिणगी पडली तरी आग लागत नाही. याला ते ब्लँकेट म्हणत. कल्पना चांगलीच होती. पण या टाकीचं तोंड बंद असतं. तिथे वजनाची झडप बसवतात, ती गरजेपुरतीच उघडते. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि निव्वळ नायट्रोजन दोनदा छातीत घेतला तर माणूस जागीच कोसळतो. हे सारं त्यांनी अधिकाऱ्यांना इंग्रजीत समजावलं. कामगारांना एवढंच सांगितलं, की या टाक्यांना हात लावायचा नाही. धर्माने विचारलं, "सायेब, मंग ही टाकी श्वास कुटनं घेती?"

"का रे, पुन्हा पिशवी आणून देऊ?"

पुन्हा सगळे हसले. ही गोष्टही मी त्यांच्याच तोंडून ऐकली, वरणभात वाढताना.

काही आठवड्यांनी पंप चालू असताना धर्मा त्या टाकीवर चढला. झडप मिटलेली दिसली. खाली उभ्या असलेल्या गणपतला त्याने ओरडून सांगितलं, "अरं, हिचं तोंड बांदलंय! पंप बंद कर, चेपल ही!" आणि तिला श्वास मिळावा म्हणून त्याने माथ्यावरचं झाकण उघडलं, आत डोकं घालून बघितलं... गणपत नाकाला टॉवेल बांधून वर पोचेपर्यंत संपलं होतं. टाकीला ओरखडाही आला नाही.

चौकशीत आजोबांनी सांगितलं, मनाई असताना कामगाराने झाकण उघडलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. धर्माचं तेरावं झाल्यावर हौसा आमच्या ओट्यावर आली. "सायेब, गाव म्हनतंय पिशवी येडा व्हता, येडेपनानं मेला. तुमी एकडाव येऊन सांगा, तुमी शिकीवलं त्येच त्यानं केलं. दुसरं कायबी नको मला."

"झाकण उघडायला मी शिकवलं नव्हतं," ते म्हणाले, आणि त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. ती दर वर्षी येत राहिली, तेवढंच मागत राहिली. पुढे पुढे ते बाहेरच येईनासे झाले.

परवा ती पुन्हा आली, केस पांढरे झालेली. मी म्हटलं, "हौसा, चल, मी येते तुझ्या गावात. मी सांगते सगळ्यांना."

"तुमी नका, बाय. पिशवी तुमी थोडीच घातली व्हती? ज्यानं घातली त्यानं सांगायचं व्हतं." मग ती त्यांची खोली बघायची म्हणाली. मी दार उघडलं. खाटेखाली पावसाचं पाणी साचलं होतं.

"खिरक्या उगड्याच ठेवल्या का वो? सगला पाऊस आत आलाय."

"त्यांना खिडकी बंद करून झोप येत नसे. गुदमरल्यासारखं व्हायचं. थंडी असो, पाऊस असो, उघड्याच लागायच्या. तीच सवय राहिली."

"कवापास्नं?"

"धर्मा गेला तेव्हापासून."

"म्हंजे कललं व्हतं त्यांना," ती म्हणाली. "मला वाटायचं, कललंच नाय. म्हनून तर येत व्हते दर साली..."

मग ती आत गेली आणि एकेक खिडकी ओढून तिने कड्या घातल्या. मी तिला अडवलं नाही.