वाटीतली आजी

घरातून निघालो तेव्हा पाऊस होता. हॅम्बर्गमध्ये पाऊस आहे असं कुणी सांगत नाही, नसला तर कौतुकानं सांगतात. माझी मुलगी सायली, सात वर्षांची नात ईरा आणि मी, अशा तिघी आल्टोना भागात जेवायला चाललो होतो. परतीच्या विमानाला चार दिवस उरले होते आणि माझी एक इच्छा तशीच राहिली होती. ईराच्या तोंडून 'आजी' ऐकायची होती.

मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. वर्गातल्या सगळ्यांच्या आज्या 'ओमा', म्हणून मीही ओमा. अडीच महिन्यांत मी लाडीगोडी लावून पाहिली, हाकेला ओ न देऊन पाहिलं. ती फक्त आवाज चढवायची, "ओमाऽऽ!" सायली म्हणायची, "आई, जाऊ दे ना." जाऊ कसं दे? इचलकरंजीत तीस वर्षं मिरची कांडपाचा डंक चालवलाय मी, अख्खी गल्ली मला काकी म्हणून वचकून असते. एवढा समुद्र ओलांडून मी ओमा व्हायला आले नव्हते. वाईट वाटायचं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी उगाच भांडी घासत बसायचे.

जेवायची जागा मीच शोधली होती. मागच्या आठवड्यात बसमधून जाताना एका काचेवर चक्क भाकरीचं चित्र दिसलं. "ते कोलंबियन हॉटेल आहे, आई," सायली म्हणाली, "दक्षिण अमेरिकेतलं. मक्याची असते ती." आता मक्याची भाकरी करणारी माणसं इथे जर्मनीत काय करतात, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडेना.

आत सहाच टेबलं, पिवळ्या भिंती आणि तळणीचा खमंग वास. मालकीण योलांडाबाई स्वतःच वाढत होती. सायलीनं तिला जर्मनमध्ये सांगितलं, की आज गुरुवार, आईला मांस चालणार नाही. मला वाटलं, बाई आता कपाळाला आठ्या घालणार. पण तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी भरभर बोलली.

"त्या म्हणतात, ईस्टरच्या आधीचे शुक्रवार त्यांच्या आईकडे असेच असायचे," सायलीनं सांगितलं.

"गेनाऊ!" (अगदी बरोबर) मी म्हणाले. एवढं जर्मन मला येतं.

आधी आरेपा (मक्याची बोटभर जाड भाकरी) आली. मऊ, आत चीज, मीठ जरा कमी. मग पाताकोनेस आले, म्हणजे कच्च्या केळ्याचे काप एकदा तळून, चेपून पुन्हा तळलेले. चेपतात कशानं, असं मी विचारलं तर योलांडाबाईनं आतून लाकडी दाबयंत्र आणि दोन काप आणून दिले. मी आपला डंकाचा जोर लावला. काप सटकला आणि शेजारच्या टेबलावर एका गृहस्थाच्या बियरच्या ग्लासापाशी जाऊन पडला. त्यांनी तो उचलून खाल्ला आणि मान डोलावली. ईरा खुर्चीतून पडेपर्यंत हसली.

तोंडी लावायला हिरव्या चटणीची एक वाटी होती. मी वास घेतला. कोथिंबीर, कांद्याची पात, व्हिनेगर, लिंबू आणि मिरची, पण आपल्याकडची नव्हे. हिचं नाव काय म्हणून मेनूकार्ड घेतलं, चष्मा लावून रोमन अक्षरं एकेक जुळवली आणि मोठ्यानं वाचलं, "आजी!"

ईरानं कार्ड ओढून घेतलं. ती नुकतीच वाचायला शिकली आहे. "नाइन (नाही), ओमा! आयी!" जर्मनमध्ये त्या मधल्या 'जे' अक्षराचा 'य' होतो.

"अही," योलांडाबाईनं आम्हा दोघींनाही दुरुस्त केलं. स्पॅनिशमध्ये त्याचाच 'ह' होतो. अही म्हणजे मिरची, आणि मिरचीची ही चटणीसुद्धा.

"उंट वेअर हाट रेश्ट?" (मग बरोबर कोण?) ईरानं मला विचारलं.

"त्यांच्या देशात त्या बरोबर, तुझ्या शाळेत तू बरोबर," मी म्हणाले. "आणि आमच्या घरात मी."

तिनं वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या चटणीला 'शार्फ!' (तिखट) म्हणून दूर पळणाऱ्या मुलीनं केळ्याचा काप बुडवून चाटला. तिखट कसली, मला तर ती सरबतासारखीच लागली. ईरानं मात्र वाटी पुसून काढली आणि वर्गात करतात तसा हात वर केला. "नोख माल आजी, बिटे!" (अजून आजी द्या ना!)

"अही," योलांडाबाई बोट नाचवत म्हणाली.

"आजी," ईरा ठाम.

त्या जेवणात तिनं चार वेळा आजी मागितली. अडीच महिने मी ज्याची वाट पाहिली ते सगळं त्या वाटीला मिळालं. वरवर मी हसत होते, पण खरं सांगते, मला चटणीचा हेवा वाटला.

निघताना योलांडाबाईनं ईरासाठी छोटी बाटली भरून दिली, ती मी पर्समध्ये टाकली. परत येताना बंदरातली फेरीबोट घेतली. बाहेर पाऊस, मोठमोठ्या क्रेन, राखाडी पाणी. सायली आणि ईरा वर उघड्यावर गेल्या, मी खाली बाकावर बसून राहिले. विचार करत होते, की माणूस दुसऱ्याच्या देशात जाऊन त्यांचं अन्न चाखतो, शब्द गोळा करतो, आणि आपला एक शब्द तिथे रुजवायला निघाला की किती हतबल होतो. निदान चटणीच्या निमित्तानं का होईना, शब्द तिच्या जिभेवर बसला, यातच समाधान मानायचं मी ठरवलं.

"आजी!"

ईरा धावत जिना उतरून आली होती. मी पर्स उघडून बाटली काढली. "आता नको गं, घरी गेल्यावर खा."

तिनं बाटली पुन्हा पर्समध्ये ढकलली आणि चेन लावली. "नाइन," ती म्हणाली. मग शब्द शोधत क्षणभर थांबली आणि माझा हात ओढला.

"तू ये."